सोल

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुडाळजवळच्या माझ्या आजोळी खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बांबूच्या डाळ्या, डाळ्यांवर जुनी सुती लुगडी आणि त्यांवर रातांब्याच्या अर्ध्या अर्ध्या वाट्या, उताण्या मांडलेल्या. पहिल्या सकाळी त्या रक्तासारख्या लाल असतात. दुपारपर्यंत जांभळ्या दिसायला लागतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी काळ्या. पडवीत एक मोठं मडकं असतं. रातांबे फोडताना निघालेल्या गराचा रस त्यात साठवलेला, वर मीठ. संध्याकाळी मामी सगळी सालं गोळा करून त्या रसात बुडवते. रात्रभर ती तशीच मुरतात. सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे झालं एक पुट. अशी पाच-सहा पुटं चढली की जे हाती येतं त्याला देशावर आमसूल म्हणतात, आमच्याकडे नुसतं सोल. सोल म्हणजे साल.

“पुटां चढल्याबिगर सोल काळा येणा नाय,” मामी म्हणते, आणि बोलता बोलता तिची नजर आभाळाकडे जाते. वळवाची एक सर आली तर आठ दिवसांची मेहनत बुरशीच्या स्वाधीन होते. म्हणून त्या दिवसांत घरातल्या लहान पोरालाही एकच काम असतं, ढग आले की हाक मारायची. हाक आली की सगळं घर धावतं आणि डाळ्या उचलून पडवीत आणतं.

तिचे हात मी नेहमी बघत बसते. रातांबा डाव्या हातात, उजव्या हातात विळ्याची टोकाकडची धार. एक वळसा, दोन वाट्या. अंगठ्याने गर आणि बिया एका घमेल्यात, सालं दुसऱ्यात. रस कोपरापर्यंत ओघळलेला. नखांच्या कडा पुढे महिनाभर जांभळ्या राहतात. पण तिच्या टाचा बघाव्यात. सत्तरीच्या बाईच्या, जन्मभर मातीत अनवाणी वावरलेल्या टाचा, आणि एकही भेग नाही. त्या टाचांची गोष्ट पुढे सांगते, कारण माझ्या मते रातांब्याच्या औषधीपणाचा सगळ्यांत भक्कम पुरावा तोच आहे.

हा लेख लिहायला घेण्याचं कारण मात्र शहरातलं. गेल्या काही वर्षांत कोकमाबद्दल मला विचारलं जातं ते सोलकढीसाठी नाही. ‘कोकमाने वजन उतरतं ना?’, ‘कोकमाच्या कॅप्सूल चांगल्या का?’, ‘हृदयाला कोकम उत्तम म्हणे’ असे प्रश्न येतात. विचारणारी माणसं शिकलेली असतात, आणि त्यांच्या घरात आमसुलाची पुडी सहा महिने न उघडता पडलेली असते. जे फळ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खात, पीत आणि अंगाला चोळत आलो, त्याचं औषध आता बाटलीवरच्या कागदावर शोधलं जातंय. तेव्हा नक्की काय खरं, काय अर्धं खरं आणि काय खोटं, हे एकदा नीट लिहावं असं वाटलं.

रातांबा, कोकम, गोव्यात भिरंड, उत्तर कन्नडात मुरुगलु, मंगळूरकडे पुनर्पुळी. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. हे सह्याद्रीच्या पश्चिम उताराचं झाड आहे. कोकण, गोवा, कारवार-कुमठा-शिरसी आणि तिथून खाली केरळाच्या उत्तरेपर्यंत ते सापडतं. उंच, शंकूसारखं, बारमाही हिरवं. फांद्या खाली झुकलेल्या, कोवळी पालवी तांबूस. एप्रिल-मेमध्ये लिंबाएवढी गोल फळं लागतात. आत पाच ते आठ बिया आणि त्यांभोवती पांढरट-लालसर आंबटगोड गर. झाडाखाली उभं राहून गर चोखायचा आणि बिया थुंकायच्या हा आमचा सुट्टीतला उद्योग होता. ओठांना त्याचा पिवळा चीक चिकटायचा, तो खोबरेल लावल्याशिवाय जायचा नाही.

या फळाची लेखी नोंद करणाऱ्या पहिल्या युरोपीयांत गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य येतो. 1534 मध्ये तो गोव्यात आला आणि तिथेच राहिला. इथल्या हकिमांशी, वैद्यांशी, व्यापाऱ्यांशी बोलून त्याने हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपात ग्रंथ लिहिला. तो 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात ‘ब्रिंदोंइश’ नावाने भिरंडाचा उल्लेख येतो. चवीला छान पण फार आंबट, रंगकामाला उपयोगी आणि सालीपासून आंबट शिर्का करतात, असं तो सांगतो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीत सालच आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. तो वारल्यावर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. गार्सिनिया हे नाव त्याच्यावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. ते लॉरां गार्सां या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आहे.

गोव्यात पावसाळ्याआधी घरोघर वर्षाची बेगमी भरतात, तिला पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, चिंच, मिरची, कांद्याच्या माळा आणि सोलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मे महिन्यात सोलांचे ढीग लागतात. आमसुलाला एवढं मोल का आलं, तर किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने आंबटासाठी खात्रीचं दुसरं काही हाताशी नसे. ताज्या कैरीचा हंगाम संपलेला, लिंबं महाग, आणि चिंच आमटीला ठीक पण माशाला तितकीशी नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं आणि सोलं. कापलेल्या माशाला मीठ आणि आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, चोळून ठेवायचं, वास मरतो. मासळीचा तो वास अमाइन नावाच्या अल्कधर्मी द्रव्यांचा असतो. आम्ल लागलं की त्यांचे क्षार होतात आणि ती हवेत उडत नाहीत. आमच्या आज्यांना हे रसायन माहीत नव्हतं, परिणाम माहीत होता.

देशावरचं आमसूल वेगळ्या घरातलं. तुरीच्या आमटीत गुळाच्या जोडीला, उपासाच्या दाण्याच्या आमटीत, आणि श्राद्धाच्या पानावर आमसुलाची चटणी. ती चटणी वर्षातून त्या एका दिवशीच वाटणारी घरं मी पाहिली आहेत. एरवी करायला त्यांना बरं वाटत नाही. कोकणातल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं.

आता औषधाकडे येते.

सातवीत असताना आजोळी मला अंगभर पित्त उठलं. आदल्या रात्री कुर्ल्यांचं कालवण झालं होतं. दंडावर, पोटावर, मानेवर लालसर उंच गांधी आणि जीव नकोसा करणारी खाज. आजीने काही न बोलता मूठभर सोलं कोमट पाण्यात भिजत घातली. अर्ध्या तासाने तीच सोलं त्या पाण्यात कुस्करली. एक पेला पाणी जिऱ्याची पूड आणि साखर घालून मला पाजलं आणि उरलेलं अंगाला चोळलं. मग पंचा भिजवून अंगावर टाकला. संध्याकाळपर्यंत गांधी उतरल्या.

कोकण-गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराकडे ही कथा आहे. आयुर्वेदाच्या भाषेत हा शीतपित्ताचा प्रकार, डॉक्टरांच्या भाषेत अर्टिकेरिया. आमसुलाच्या पाण्याने तो बरा होतो का? प्रामाणिकपणे सांगायचं तर अंगावरच्या साध्या गांधी बऱ्याचदा काही तासांत आपसूकच उतरतात. त्यामुळे आजीच्या पाण्याचा वाटा किती आणि काळाचा किती, हे एका पोरीच्या अंगावरून ठरत नाही. पण गार, आंबट पाण्याने खाज शमते, भिजलेल्या पंचाने त्वचा शांत होते आणि कोणी तरी जवळ बसून चोळतंय याने पोर घाबरत नाही. हे तिन्ही खरं आहे. मात्र एक गोष्ट ठळकपणे लिहिते. गांधींबरोबर ओठ, पापण्या किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, तर आमसूल शोधत बसू नका. ती गंभीर ॲलर्जी असते. तडक दवाखाना गाठावा लागतो, आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो.

‘कोकम थंड’ हे कोकणात गृहीतच आहे. म्हणून मी जेव्हा चरकसंहितेत वृक्षाम्ल शोधलं तेव्हा चकित झाले. वृक्षाम्ल म्हणजे कोकम असं बहुतेक वैद्य मानतात. फळांचे गुण सांगताना चरकाने त्याला ग्राही, रूक्ष आणि उष्ण म्हटलं आहे, आणि वात-कफाच्या विकारांत हितकर. उष्ण! म्हणजे ज्या पित्तावर आम्ही ते डोळे मिटून देतो, त्याच्या अगदी उलट बाजूचं. याचा उलगडा मला एका वयस्क वैद्यबुवांनी करून दिला. त्यांच्या मते ग्रंथातला उल्लेख फळाच्या आम्लरसाचा आहे, आणि आपण उन्हाळ्यात जे पितो ते पुष्कळ पाणी, जिरं, साखर किंवा नारळाचं दूध यांसह केलेलं पेय आहे. थंडावा त्या सगळ्यांच्या मिलाफाचा. रिकाम्या पोटी नुसतं आगळ प्यालं तर पित्त शमण्याऐवजी खवळतं, हे आम्लपित्ताच्या माणसाला अनुभवाने ठाऊक असतं. मला हे उत्तर पटलं, कारण ते स्वयंपाकघराशी जुळतं. आमच्याकडे नुसतं आगळ कोणी पीत नाही. सोलकढीत नारळाचं दूध, तिवळात जिरं, फुट्या कढीत हिंग-लसूण, असं त्याला नेहमी कोणी तरी सोबती असतं.

चरकात आणखी एका ठिकाणी वृक्षाम्ल येतं, ‘हृद्य’ या दहा द्रव्यांच्या गटात. आजच्या जाहिरातींतलं ‘हृदयासाठी कोकम’ बहुधा इथूनच उचललेलं आहे. पण त्या गटातले बाकीचे सोबती पाहा. आंबा, अंबाडा, करवंद, बोरं, डाळिंब, महाळुंग. सगळी आंबट, तोंडाला पाणी सुटावं अशी फळं. हृद्य म्हणजे मनाला रुचणारं, हा अर्थ तिथे सरळ बसतो. आजारपणातून उठलेल्या माणसाच्या जिभेला चव आणणारं, ताटाकडे वळवणारं. हृदयविकाराच्या गोळ्या थांबवून कोकम घ्या, असं चरकाने कुठेही म्हटलेलं नाही.

आता मामीच्या टाचा.

रातांबे फोडून झाले की घमेल्यात बियांचा ढीग उरतो. शहरातून आलेल्या माझ्यासारखीने तो उकिरड्याकडे नेला की मामीचा आवाज येतो, “बियो उडवू नको गो, तेंचा तेल काढूचा आसा.” बियांना राख चोळून चिकटा काढतात, धुऊन कडकडीत वाळवतात आणि पोत्यात भरून चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. पावसाळ्यात शेतीची घाई सरली की ते पोतं खाली येतं. बिया फोडून टरफल पाखडायचं, आतला गर वाटून त्याचा लगदा करायचा आणि मोठ्या टोपात पाणी घालून उकळत ठेवायचा. चुलीत ओली लाकडं, घरभर धूर, बाहेर मुसळधार. तास-दोन तासांनी पाण्यावर तेलाचा थर जमतो. तो पळीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घेतात. गार होताना ते तेल घट्ट होतं, पांढरट-पिवळट. अगदी कडक होण्याआधी मामी ते मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळते. बोटांचे ठसे त्यावर उमटून राहतात. मुठीत वळलेलं तेल म्हणून मुठेल. कोणी कोकमेल म्हणतं, गोव्यात भिरंडेल.

कोकमेलाची खुबी त्याच्या वितळण्यात आहे. ते साधारण 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे अंगाच्या उबेपेक्षा जरासं वर. खोबरेल उन्हाळ्यात पाणी होतं आणि पुसलं जातं. कोकमेल त्वचेवर पातळ, घट्ट पापुद्र्यासारखं बसतं आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. त्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण मोठं आहे, निम्म्याहून जास्त, म्हणून हा घट्टपणा. मामीची रीत अशी. रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून घासायचे, कोरडे पुसायचे, पळीत मुठेलाचा तुकडा वितळवून कापसाच्या बोळ्याने भेगांत भरायचा आणि जुने मोजे घालून झोपायचं. भेग खोल असेल तर आठ-दहा रात्री. ओठ फुटले, थंडीत हात उलले, तरी हेच. यात मला कसलंच गूढ दिसत नाही. भेगाळलेल्या त्वचेवर डॉक्टर जे मलम देतात तेही ओलावा धरून ठेवण्याचंच काम करतं. फक्त मधुमेह असणाऱ्यांनी टाचेच्या भेगेवर घरगुती इलाज करत बसू नये. पायाची जखम त्यांना महागात पडते.

पूर्वी आव झाली, रक्त पडलं, तर भातावर किंवा गरम दुधात कोकमेल वितळवून देत. जुन्या औषधग्रंथांतही या तेलाची दखल आहे. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या 1874 च्या ‘फार्माकोग्राफिया’त त्याचं वर्णन येतं. आज रक्ताची आव म्हटल्यावर तपासणी आणि योग्य औषध हाच मार्ग. मुलाला जुलाब होत असतील तर सगळ्यांत आधी मीठ-साखरेचं ओआरएस, नंतर बाकीचं.

हेच मुठेल आता जगभर साबणांत, लिपबाममध्ये, महागड्या क्रीममध्ये जातं. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटचे नियम केले. कोकोच्या चरबीबरोबर आणखी सहा वनस्पतींच्या चरब्या 5 टक्क्यांपर्यंत वापरायला त्यात मुभा आहे, आणि त्या सहांत आपलं कोकम आहे. आमच्या माळ्यावरच्या धुरकट पोत्याचा असा प्रवास ऐकून मामीला आनंद झाला, आणि लगेच तिने भाव विचारला. भाव ऐकून ती गप्प झाली, कारण बियांचे तिला जे मिळतात ते याच्या जवळपासही नाहीत.

प्रयोगशाळेकडे वळते, कारण गोळ्या तिथून निघाल्या आहेत.

रातांब्याच्या वाळलेल्या सालीच्या वजनाच्या 10 ते 30 टक्के हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. सालीचा आंबटपणा मुख्यतः याचाच. कोकमाचं केरळातलं भावंड कुडमपुळी. तिच्या सालीतलं प्रमुख आम्ल हेच आहे, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या वाय. एस. लुइस आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये दाखवलं. त्यानंतर चार वर्षांनी अमेरिकेत असं आढळलं की शरीरात साखरेपासून चरबी बनवण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम या आम्लामुळे अडतं. उंदरांवर परिणाम दिसले. आणि इथून धंद्याने धाव घेतली. चरबी बनण्याची वाटच अडवणारं फळ! नव्वदीच्या दशकात कुडमपुळीच्या अर्काच्या गोळ्या जगभर पसरल्या. मागणी एवढी वाढली की उत्तर कन्नडच्या जंगलात उप्पगे, म्हणजे तिकडची कुडमपुळी, तोडायला माणसं फांद्यांसकट झाडं उतरवू लागली.

माणसांवर काय झालं? 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. 135 जादा वजनाच्या माणसांचे दोन गट केले. एकाला बारा आठवडे रोज दीड ग्रॅम हे आम्ल, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. आहार दोघांचाही बेताचा. आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं, खोटी गोळी घेणाऱ्यांचं 4.1 किलो. या गोळ्या घेणाऱ्या काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी पुढे येत गेल्या. 2025 मध्ये फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने कुडमपुळीच्या अर्काच्या गोळ्या घेऊच नयेत असा सल्ला दिला. माझ्या एका मैत्रिणीने तीन महिने अशा कॅप्सूल घेतल्या. वजन होतं तिथेच राहिलं, छातीत जळजळ मात्र सुरू झाली. तिला मी सोलकढी पाजली आणि गोळ्यांची बाटली कचऱ्यात टाकायला लावली.

आमटीतली चार आमसुलं आणि गोळीतला घट्ट केलेला अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. पहिली वस्तू माणसं शतकानुशतकं खात आली आहेत. दुसरी काल-परवाची आहे.

गार्सिनॉल हे दुसरं द्रव्य, सालीतलं पिवळं, तेलात विरघळणारं. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या तपस कुंडू यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं की पेशीतल्या जनुकांचं काम चालू-बंद करणाऱ्या काही एन्झाइमांना ते आवरतं. कर्करोगाच्या पेशींवर बशीत केलेले कितीतरी प्रयोग त्यानंतर झाले. हे संशोधन मोलाचं आहे आणि ते पुढे जावं. पण बशीतली पेशी आणि रुग्णाचं शरीर यांत फार मोठं अंतर असतं. ‘कोकम कर्करोग बरा करतं’ असं म्हणून एखाद्या घाबरलेल्या कुटुंबाकडून पैसे घेणाऱ्याला मी गुन्हेगारच म्हणेन.

घरातल्या वापरालाही दोन सावधगिऱ्या आहेत, आणि त्या फारसं कोणी सांगत नाही. पहिली मिठाची. आगळ टिकावं म्हणून त्यात साधारण 16 टक्के मीठ घालतात. म्हणजे एका मोठ्या चमच्यात, 15 मिलिलिटरमध्ये, जवळजवळ अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी 5 ग्रॅमच्या आतलं मीठ सांगितलं आहे. तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी सोलकढी आगळाऐवजी भिजवलेल्या आमसुलांची करावी, त्याआधी आमसुलं एकदा धुऊन घ्यावीत आणि वरून मीठ घालू नये. दुसरी साखरेची. अमृत कोकम म्हणजे सालीच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवून केलेला पाक. चव स्वर्गीय, पण वजनाने त्यात फळापेक्षा साखर जास्त. मधुमेही माणसाला ‘औषधी आहे, घ्या’ म्हणून त्याचा पेला पुढे करणं हे प्रेम असलं तरी चुकीचं आहे.

आणि भेसळ. पुण्यात एका दुकानातून मी कोकम सरबताची बाटली घेतली. रंग झगझगीत, चव नुसती लिंबाच्या फुलाची. घरी येऊन चमचाभर सरबतात चिमूट खाण्याचा सोडा टाकला, रंग जसाच्या तसा. मामीच्या अमृत कोकमात टाकला तर फेस येऊन लाल रंग मळकट जांभळा झाला. रातांब्याचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो, आम्लात लाल आणि अल्कात निळ्या-जांभळ्याकडे झुकणारा. बाजारचा बनावट रंग सहसा असा बदलत नाही. ही तपासणी काही प्रयोगशाळेइतकी पक्की नाही, पण बाटली परत न्यायला पुरेशी आहे. मी परत नेली.

आमसूल घेताना हातात घेऊन बघा. चांगलं सोल मऊ, लवचीक, काळपट जांभळं असतं, त्याला आंबटगोड वास येतो. वर मिठाचे पांढरे कण चमकत असतील तर तुम्ही मिठाचे पैसे मोजताय. आणि घरी ते काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत ठेवा. तांब्या-पितळेला चकचकीत करणारं आम्ल आहे ते, धातूच्या डब्याला सोडत नाही.

या झाडाची स्वतःची तब्येत मात्र कोणी विचारत नाही. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बी पेरून वाढवलं तर सात-आठ वर्षं वाट पाहायची आणि मग निम्म्या झाडांना फळच नाही, असं होतं. म्हणून कोणी मुद्दाम लावत नसे. परसात, व्हाळाच्या काठाला, काजूच्या मधे जे आपसूक उगवलं तेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मादी झाडाची काडी घेऊन मृदकाष्ठ कलमं करायची पद्धत बसवली, 1997 मध्ये ‘कोकण अमृता’ आणि पुढे मोठ्या फळाची ‘कोकण हातीस’ ही वाणं दिली. अमृताचं बरंचसं फळ पावसाआधी हाती येतं, आणि कोकमात हाच गुण सोन्याचा. कारण आजही पुष्कळ झाडांची फळं जूनमध्ये पिकतात आणि झाडाखाली चिखलात सडतात. सुकवायला ऊन नाही, तोडायला माणूस नाही. आमच्या वाडीत गेल्या वर्षी तीन झाडांखाली लाल सडा पडला होता. तो तुडवत आम्ही देवळात गेलो. 2016 मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळालं याचा अभिमान आहेच, पण त्या सड्यातली फळं उचलणारे हात त्याने अजून वाढलेले नाहीत. मामीच्या दोन्ही सुना मुंबईत आहेत. मुठेल कसं काढायचं हे वाडीत आता चार बायकांना येतं, आणि चौघींचीही साठी उलटून गेली आहे.

कोकणात तुमची दोन गुंठे जमीन असेल तर येत्या जूनमध्ये रातांब्याची कलमं लावा. पाच वर्षांत फळ दिसेल. सगळी मादी कलमं लावलीत तर आसपास एखादं नर झाड राहू द्या, ‘वांझ’ म्हणून तोडू नका. जमीन नसेल तर मे महिन्यात गावाकडच्या ओळखीच्या घरातून वर्षाचं सोल मागवा, सोबत मुठेलाचा एक गोळाही मागा आणि भाव करू नका. आणि एखाद्या पावसाळ्यात वेळ काढून गावच्या म्हाताऱ्या बाईपाशी बसा, मुठेल कसं काढतात ते शिकून घ्या. मी यंदा श्रावणात मामीकडे शिकले. माझा पहिला गोळा वाकडा झालाय, पण टाचांना तो चालतो.